शोधाचे पैसे वेगळे : नाना पेठेतील एका ऑटो इलेक्ट्रिक दुकानाविषयी

जुन्या गाडीचा ब्रेक लाइट पूर्णपणे बंद पडला, तर ती बहुधा अर्ध्या तासात आटोपणारी दुरुस्ती असते. तोच लाइट कधी लागतो आणि कधी लागत नाही, अशी तक्रार असेल, तर मात्र गॅरेजमध्ये एक ठरलेला क्रम सुरू होतो. आधी बल्ब बदलतात, मग पेडलजवळचा स्विच बदलतात, मग ‘आता वापरून बघा’ असे सांगून गाडी ताब्यात देतात, आणि तीच गाडी तीच तक्रार घेऊन परत आली की ‘वायरिंगच जुने झाले आहे, सगळे नवीन टाकावे लागेल’ या वाक्यावर प्रकरण येऊन थांबते. या क्रमाला कंटाळलेल्या गाडीमालकांना उपयोगी पडावा, म्हणून पुण्याच्या नाना पेठेतील एका लहान ऑटो इलेक्ट्रिक दुकानाचा हा अनुभव लिहीत आहे. दुकानाचे नाव देऊ नये, अशी मालकांची विनंती आहे. हाती घेतलेली कामेच वेळेवर उरकत नाहीत, हे त्यांनी सांगितलेले कारण दुकानासमोर ताटकळत उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्यावर पटते. नाना पेठेतील स्पेअर पार्टच्या दुकानांत ‘जुन्या गाडीच्या वायरिंगचे काम कोण नीट करते’ असे विचारत गेल्यास पत्ता मिळतो. मलाही तो तसाच मिळाला.

गाडी 2004 सालची मारुती झेन आहे. पंधरा वर्षांनंतरचे नोंदणीचे नूतनीकरण आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी होणारी आरटीओची तपासणी या चक्रात ती आता आहे, आणि त्या तपासणीत दिवे पाहिले जातातच. तथापि तपासणीपेक्षा मोठी चिंता रस्त्यावरची होती. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे उतरताना मागे भरलेला ट्रक असेल, तर आपला ब्रेक लाइट ‘बहुतेक वेळा’ लागतो या गोष्टीचा काही उपयोग नसतो. सिग्नलला शेजारी थांबलेले दुचाकीस्वार काचेवर टकटक करून ‘काका, मागचे लाइट लागत नाहीयेत’ असे सांगत, आणि घरी येऊन पाहावे तर दोन्ही लाइट ठणठणीत लागत. दोन ठिकाणी दाखवून झाले होते. एका ठिकाणी दोन्ही बल्ब बदलले, दुसऱ्या ठिकाणी ब्रेकचा स्विच बदलला. प्रत्येक दुरुस्तीनंतर काही काळ तक्रार नाहीशी होई आणि मग परत येई.

या दुकानात पहिल्यांदा ऐकावे लागते ते असे: ‘साहेब, स्विच-बल्ब बदलून हवा असेल तर आत्ता लगेच करून देतो. पण दोष शोधायचा असेल तर शोधाचे पैसे वेगळे, आणि गाडी ठेवून जावी लागेल.’ शोधाचे सहाशे रुपये. दोष सापडला नाही तर निम्मे. सापडल्यावर दुरुस्तीची मजुरी आणि सुटे भाग यांचा हिशेब त्यावर. पुण्यात हे ऐकून अनेकांच्या कपाळाला आठी पडते, कारण आपल्याला वस्तूचे पैसे देण्याची सवय आहे, डोके चालवल्याचे पैसे देण्याची नाही. परंतु माझ्या मते या दुकानाचे सगळे वेगळेपण या एका अटीत आहे. ज्या गॅरेजची कमाई केवळ बदललेल्या भागावर अवलंबून असते, त्याला दोष शोधत बसणे परवडत नाही. अंदाजाने भाग बदलणे परवडते. येथे उलट आहे. शोधाचे पैसे ठरलेले असल्यामुळे चांगला भाग काढून नवा बसवण्याची घाई कोणालाच नसते.

शोधाची सुरुवात प्रश्नांनी झाली. दोन्ही बाजूंचे लाइट एकदम जातात की एकाच बाजूचा? गाडी थंड असताना की बरीच चालल्यावर? पावसात प्रमाण वाढते का? पेडल थोडे दाबल्यावर लागत नाही आणि जोरात दाबल्यावर लागतो, असे होते का? ब्रेक दाबल्यावर डॅशबोर्डवरचे किंवा मागचे दुसरे कोणते दिवे उगाच मंद उजळतात का? या प्रश्नांमागचे तर्कशास्त्र मालकांनी काम करता करता समजावून सांगितले, आणि ते कोणत्याही जुन्या गाडीला लागू पडणारे आहे. ब्रेक लाइटचा मार्ग साधा असतो: बॅटरीतून फ्यूज, फ्यूजमधून पेडलजवळचा स्विच, स्विचमधून मागे जाणारी एक वायर, तिथून डावीकडे आणि उजवीकडे दोन फाटे, बल्ब, आणि बल्बमधून गाडीच्या पत्र्यावर म्हणजे अर्थिंगला. दोन्ही बाजू एकाच क्षणी जात असतील, तर दोष फाटा फुटण्याच्या आधी, म्हणजे फ्यूज, स्विच किंवा सामाईक वायरीत असतो. एकच बाजू जात असेल, तर त्या बाजूचा बल्ब, होल्डर, वायर किंवा अर्थिंग पाहायचे. माझे उत्तर होते की कधी दोन्ही जातात आणि कधी फक्त डावा. त्यावर ते म्हणाले, ‘म्हणजे एक नाही, दोन दोष आहेत. म्हणून सापडत नव्हता.’ पुढचे सगळे काम या एका अनुमानावर चालले आणि ते खरे ठरले.

दुकानातील मुख्य हत्यार पाहून नवखा माणूस हसेल. जुन्या इंडिकेटरच्या होल्डरमध्ये बसवलेला 21 वॅटचा बल्ब, त्याला जोडलेल्या दोन लांब वायरी आणि टोकांना चिमटे. मल्टिमीटरही आहे आणि तो चांगल्या प्रतीचा आहे, पण तो दुसऱ्या क्रमांकावर. कारण असे की मल्टिमीटर मोजताना जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायर आतून गंजून किंवा सांधा सैल होऊन नावापुरताच संबंध उरला असला, तरी मीटर खुशाल 12 व्होल्ट दाखवतो, आणि पाहणारा ‘करंट येतोय, म्हणजे वायर चांगली’ असे म्हणून पुढे जातो. 21 वॅटचा बल्ब मात्र सुमारे पावणेदोन अँपिअर मागतो; तेवढा करंट त्या कच्च्या जागेतून पुरेसा जात नाही आणि बल्ब मिणमिणतो. ज्या कामासाठी वायर आहे, तेवढेच ओझे तिच्यावर टाकून पाहायचे, ही ती साधी युक्ती. हल्ली बाजारात मिळणाऱ्या पेनसारख्या एलईडी टेस्टरने ही परीक्षा होत नाही, कारण त्यालाही फारच थोडा करंट पुरतो.

त्यानंतर हाताखालच्या मुलाने सीट आणि ब्रेकचे पेडल यांच्यामध्ये एक बांबूची काठी अडकवून पेडल दाबून धरले, दोन्ही लाइट सतत चालू राहिले, म्हणजे वायरीवर खरे ओझे आले, आणि मालक मल्टिमीटर घेऊन डिकीपाशी बसले. येथे त्यांनी जे केले, ते आधीच्या दोन्ही ठिकाणी कोणी केलेले नव्हते. त्यांनी बल्बला व्होल्टेज किती मिळते एवढेच न पाहता, वाटेत ते कुठे हरवते हे मोजले. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण बाजूला लांब वायरीने जोडले आणि दुसरे डाव्या होल्डरच्या धातूला लावले. दिवा चालू असताना हा आकडा शून्याच्या जवळ असायला हवा. दशांश एक-दोन व्होल्टपर्यंत चालते. येथे तो 1.8 होता. उजव्या बाजूला तोच आकडा नगण्य होता. फिलामेंटच्या बल्बला व्होल्टेज थोडे जरी कमी मिळाले, तरी प्रकाश त्या मानाने फारच जास्त घटतो. बारा व्होल्टच्या जागी दहा मिळाले, तर प्रकाश जवळजवळ निम्मा होतो. त्यामुळे डावा लाइट ‘लागत’ असतानासुद्धा दुपारच्या उन्हात मागच्याला तो लागल्यासारखा वाटत नसणार.

डिकीतले अस्तर काढल्यावर कारण उघड्या डोळ्यांना दिसले. डाव्या टेललॅम्पची काळी वायर एका गोल लगने, म्हणजे टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीने, पत्र्याला स्क्रूने आवळलेली होती, आणि तो लग चक्क रंगावर बसलेला होता. काही वर्षांपूर्वी गाडीच्या मागच्या डाव्या कोपऱ्याचे डेंटिंग-पेंटिंग झाले होते. त्या वेळी स्क्रू काढून पत्रा रंगवला गेला आणि रंग न खरवडता लग परत त्यावरच आवळला गेला. रंगातून करंट जात नाही. जो काही जात होता, तो स्क्रूच्या आट्यांमधून, आणि त्या आट्यांना आता गंज धरला होता. टेललॅम्पच्या रबरी गॅस्केटची कड सुटलेली असल्यामुळे पावसाचे पाणी तिथपर्यंत झिरपत होते. लगच्या कडेला हिरवट थर आणि स्क्रूच्या डोक्यावर तांबूस भुकटी, असे दोन्ही होते. स्क्रू बोटाने किंचित दाबला की दिवा भक्कन उजळे आणि सोडला की मलूल होई. ‘खड्ड्यातून गेल्यावर लागतो’ अशी माझ्या घरच्यांची एक हास्यास्पद वाटणारी तक्रार होती. तिचा उलगडा तिथेच झाला.

ब्रेक दाबल्यावर इतर दिवे मंद उजळतात का, या प्रश्नाचा संबंधही याच ठिकाणी होता. अशा गाड्यांत मागच्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, 21 वॅटचे ब्रेकसाठी आणि 5 वॅटचे पार्किंगसाठी, आणि दोघांचे अर्थिंग एकच असते. ते अर्थिंग कमकुवत झाले की ब्रेकचा करंट पत्र्यावर जाण्याऐवजी 5 वॅटच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो, पार्किंगच्या वायरीतून फिरतो आणि दुसऱ्या बाजूच्या दिव्यांमधून वाट काढतो. म्हणून ब्रेक दाबल्यावर नंबर प्लेटचा दिवा किंवा डॅशबोर्डवरचा प्रकाश अंधुक उजळला, तर स्विच बदलण्याआधी अर्थिंग पाहावे. ही एवढी माहिती आधी कोणी दिली असती, तर एका स्विचचे पैसे वाचले असते.

दुरुस्ती अगदी साधी झाली: पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, नवा लग दाबून आणि वर झाळ देऊन बसवला, खाली दातेरी वॉशर घातला, स्क्रू आवळला, आणि हवा-पाणी लागू नये म्हणून वरून ग्रीसचा हात दिला. होल्डरमधली पितळी पट्टी आतून काळी पडली होती, ती घासून किंचित उचलून दिली. बल्बच्या तळाचा झाळेचा ठिपका पट्टीवर घासून एका बाजूने चेपला होता. तो बल्ब जळलेला नसतानाही बदलला, आणि का बदलला ते हातात देऊन दाखवले. पुन्हा मोजल्यावर आकडा शून्याच्या घरात आला.

दुसरा दोष शोधायला खरा वेळ लागला, आणि गाडी ठेवून जाण्याची अट का आहे ते तेव्हा कळले. दोन्ही लाइट एकदम जाण्याचा प्रकार गाडी बराच वेळ रहदारीत चालल्यावरच होई. दुकानात गाडी थंड होती. मालकांनी काठी तशीच ठेवली, लाइट चालू ठेवले आणि दुसरे काम हाती घेतले; मुलाला मात्र मागच्या दिव्यांवर लक्ष ठेवायला बसवले. दोन 21 वॅटचे बल्ब मिळून साडेतीन अँपिअर ओढतात. सतत चालू राहिले की वाटेतला जो सांधा कच्चा असेल तो तापतो, तापला की त्याचा विरोध वाढतो, आणि विरोध वाढला की तो आणखी तापतो. बऱ्याच वेळाने दोन्ही दिवे एकदम गेले. मालकांनी कोणालाही काही हलवू दिले नाही. डॅशबोर्डखाली वाकून त्यांनी फ्यूज बॉक्सवरून बोट फिरवले आणि एका फ्यूजवर ते थांबले. तो शेजारच्या फ्यूजपेक्षा स्पष्टपणे गरम होता.

फ्यूज जळलेला नव्हता. चपट्या फ्यूजच्या माथ्यावर मीटर टेकवण्यासाठी दोन बारीक उघडे ठिपके असतात. त्या दोन्हींवर व्होल्टेज पूर्ण होते, आणि फ्यूजमधून बाहेर पडणाऱ्या वायरीवर जवळजवळ काहीच नव्हते. म्हणजे फ्यूजचा पाय आणि त्याला धरणारी चिमटी यांच्यामध्ये जागा पडली होती. फ्यूज काढल्यावर त्याचा एक पाय निळसर-तपकिरी झालेला दिसला आणि बॉक्सचे प्लॅस्टिक त्या जागी किंचित वितळलेले होते. आधीच्या प्रत्येक दुरुस्तीनंतर तक्रार काही काळ का थांबत होती, याचे उत्तरही मिळाले: प्रत्येक कारागीर सुरुवातीला फ्यूज उपसून उजेडात पाहत असे, चांगला आहे म्हणून परत खोचत असे, आणि त्या उपसण्या-खोचण्याने पायावरची काजळी खरवडली जाऊन पकड तात्पुरती घट्ट होत असे. श्रेय बल्बला आणि स्विचला मिळत होते. येथे ती एक चिमटी बॉक्समधून काढून तिच्या जागी दुसरी बसवली, आणि फ्यूज जेवढ्या अँपिअरचा होता तेवढ्याच अँपिअरचा नवा घातला. जास्त अँपिअरचा फ्यूज घालून मोकळे होण्याचा रिवाज अनेक ठिकाणी आहे. त्याविषयी मालकांनी जे शब्द वापरले ते येथे लिहिता येणार नाहीत.

स्विच त्यांनी बदलला नाही, फक्त तपासला. पेडल सोडलेले असताना त्याची कांडी पूर्ण आत दाबली गेली पाहिजे आणि पेडल हलताच ती सुटली पाहिजे, एवढे पाहून लॉकनट अर्धा आटा फिरवला. काही गाड्यांत पेडलच्या दांडीवर एक प्लॅस्टिकचे किंवा रबराचे बटण असते आणि स्विचची कांडी त्यावर टेकते. ते बटण जुने होऊन चुरा झाले की पेडल सोडले तरी लाइट चालूच राहतो आणि सकाळी बॅटरी उतरलेली सापडते. पायाजवळच्या मॅटवर प्लॅस्टिकचे तुकडे दिसले, तर तीच शंका आधी घ्यावी, हा त्यांचा सल्ला लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मागच्या काचेत नंतर बसवून घेतलेल्या जादा ब्रेक लाइटची वायर डाव्या बाजूच्या वायरीला नुसता पीळ मारून आणि टेप गुंडाळून जोडलेली होती. टेपचा गोंद उन्हाने वितळून चिकट झाला होता. तो जोड त्यांनी न विचारता सोडवला आणि झाळून दिला. त्याचे पैसे लावले नाहीत. एलईडी बल्ब बसवून द्या, ही माझी मागणी मात्र सरळ नाकारली. फिलामेंटच्या बल्बसाठी घडवलेल्या टेललॅम्पमध्ये स्वस्त एलईडी घातला, की पार्किंगचा प्रकाश आणि ब्रेकचा प्रकाश यांतला फरक पुष्कळदा पुरेसा राहत नाही, आणि मागच्याला ब्रेक दाबल्याचे कळतच नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. मला ते पटले.

आता तक्रारी. दुकानासमोर गाडी लावणे हे स्वतंत्र संकट आहे. क्वार्टर गेटकडून येताना सकाळी लवकर पोहोचले तरच जागा मिळण्याची आशा, आणि मालाचे टेम्पो उतरू लागले की तीही संपते. फोन उचलला जात नाही. गाडी संध्याकाळी मिळेल असे सांगितले होते, ती दुसऱ्या दिवशी मिळाली, आणि तसे आपण होऊन कळवले गेले नाही. बिल कच्च्या कागदावर हाताने लिहिलेले होते. पक्के बिल मागितल्यावर मिळाले, पण चेहऱ्यावरची नाराजी लपली नाही. डिकीचे अस्तर बसवताना त्याची एक क्लिप तुटली आणि ती तशीच सोडून दिली गेली. टेललॅम्पचे सुटलेले गॅस्केट हे पाणी शिरण्याचे मूळ कारण होते, आणि ते बदलण्याऐवजी सिलंट भरून भागवले. हे मला आवडले नाही. नवे गॅस्केट मी त्याच पेठेतून नंतर शोधून आणले.

सुटे भाग तेथून घेण्याची सक्ती नसते. बल्ब आपण आणला तर ते बसवून देतात, फक्त नामांकित कंपनीचा असावा एवढी अट घालतात. काढलेले सर्व भाग कागदाच्या पुडीत बांधून परत दिले जातात.

ज्यांचा लाइट कायमचा बंद आहे, त्यांनी येथपर्यंत जाण्याचे काही कारण नाही. कोपऱ्यावरचा कोणताही इलेक्ट्रिशियन ते काम कमी पैशांत करील. ज्यांच्या नव्या गाडीत एबीएस आणि बटन स्टार्ट आहे, त्यांनीही आधी फोन करून पाहावे असे म्हटले असते, पण फोन उचलला जात नाही हे वर आलेच आहे. अशा गाड्यांत ब्रेकच्या स्विचवरून इतर यंत्रणांनाही इशारा जातो, आणि ते काम हे दुकान घेत नाही. जुन्या, साध्या वायरिंगच्या गाडीसाठी मात्र मी पुन्हा येथेच जाईन. जाण्यापूर्वी लाइट केव्हा जातो, कोणत्या बाजूचा जातो, त्या वेळी पाऊस होता का आणि हॉर्न वाजत होता का, याची टिपणे करून न्यावीत. काही जुन्या गाड्यांत हॉर्न आणि ब्रेक लाइट एकाच फ्यूजवर असतात, त्यामुळे या शेवटच्या उत्तराने बरेच काम सोपे होते. डिकी रिकामी करून न्यावी, नाहीतर आपले सामान दिवसभर नाना पेठेच्या फुटपाथवर राहते.